एकशेचारचा मोडका पाय

त्या दुपारी जेवायच्या घाईत चिमट्याने एका म्हाताऱ्याचा पाय मोडला.

म्हातारा म्हणजे माणूस नव्हे. एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातला कॅपॅसिटर. तपकिरी, चपटा, अंगावर १०४ असा आकडा आणि खाली तारेचे दोन पाय. खरं तर दुरुस्ती झालीच होती. सुटलेला एक सांधा सोल्डरने पकडला होता, आवाज मोकळा येत होता. आता झाकण लावायचं आणि जेवणाचा डबा उघडायचा, एवढंच. पण वाकडं काही दिसलं की चिमट्याचे हात शिवशिवतात. त्या कॅपॅसिटरची मान जराशी कलली होती. ती सरळ करायला म्हणून त्याने बारीक चिमटा आत घातला, आणि एक पाय बुडापासून 'टक्' करून हातात आला.

"घ्या," चिमटा म्हणाला. ऐकायला दुकानात कुणी नव्हतं.

त्याचं खरं नाव लाइटच्या बिलावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळ्या बाजाराला तो चिमटा म्हणूनच माहीत. एक तर दिवसभर बोटांत चिमटा, आणि दुसरं म्हणजे जीभही त्याच घराण्यातली. गिऱ्हाईक बंद पडलेला मिक्सर घेऊन आलं की विचारायचा, "याला काय दळायला घातलं होतं, सासूचे टोमणे?" लोक हसायचे. त्याची बायको हसायची नाही. ती म्हणायची, "अहो, एक दिवस या जिभेचा शॉक तुम्हालाच बसेल."

ड्रॉवरमध्ये तपकिरी १०४ नव्हता. संपला होता. सिरॅमिकचे १०४ मात्र मूठभर होते. मसुराएवढे, मातकट रंगाचे, दोन बारीक पायांवर उभे. आकडा तोच. एक, शून्य आणि पुढे चार शून्यं, असा तो वाचायचा असतो. नवखे त्याला नुसता एकशेचार समजतात आणि तोंडावर पडतात. चिमटा काही नवखा नव्हता. आकडा जुळतोय म्हणजे झालं, असं पोटातल्या भुकेने त्याला सांगितलं आणि त्याने ते ऐकलं. मसूर बसवला, गाणं लावून पाहिलं. छान वाजलं.

संध्याकाळी काकू अ‍ॅम्प न्यायला आल्या तेव्हा त्याने सांगितलंही. कानाशी ओरडून सांगावं लागलं, कारण काकूंना कमी ऐकू येई. "काकू, आत एक तात्पुरता बसवलाय! खरा आला की घरी येऊन बदलून देतो!"

"सावकाश दे रे," काकू म्हणाल्या. "तेवढ्यासाठी काय अडलंय?"

हा अ‍ॅम्प काकांचा होता, आणि काका आता नव्हते.

काकांबद्दल सांगायचं तर चिमट्याच्या दुकानाबद्दल आधी सांगावं लागेल. हे दुकान म्हणजे जुन्या इमारतीतली जिन्याखालची तिरपी जागा. मागच्या बाजूला उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून चिमटा मागे जातच नाही. डोक्यावर लाकडी जिना, जिन्यावर सार्वजनिक वाचनालय. इतकी वर्षं त्या जिन्याखाली बसून चिमट्याला माणसं तोंडावरून कमी आणि पावलांवरून जास्त ओळखू यायची. ग्रंथपाल बाई पायरीपायरीवर थांबणार. पेन्शनर दोघे एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत जिना अडवून ठेवणार. आणि काका. एक पाय ठप् करून पडणार, दुसरा मागून घसर्र करत येणार. ठप्, घसर्र. ठप्, घसर्र.

काका बसस्टँडवर घोषणा करायला होते. उभा जन्म 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं' म्हणण्यात गेला. तरुणपणी एकदा स्टँडचा कर्णा खांबावर बांधताना वरून पडले आणि एक पाय आखूड झाला. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी वाचनालयात पेपर वाचायचे आणि उतरताना चिमट्याकडे स्टुलावर बसायचे. ठप्, घसर्र ऐकू आलं की चिमटा मान वर न करता म्हणायचा, "या काका." काका गेले त्यानंतरही जिना वाजला की त्याचे कान आपोआप त्या घसर्रची वाट बघायचे. एकदोनदा तर 'या' एवढं तोंडातून निघून गेलं आणि समोर उभा असलेला पोस्टमन म्हणाला, "आलोच की."

त्या मसुराचं पुढे काय झालं, हे चिमट्याला बरेच महिने कळलं नाही. तपकिरी १०४ आला, कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये पडला. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणता म्हणता राहून गेलं.

मग एके दिवशी काकूंची लेक दुकानात आली. दुसऱ्या शहरात बँकेत नोकरीला होती, अंगावर प्रवासाची दमणूक होती.

"तुम्हीच ना ते... चिमटा?"

"लोक तसं म्हणतात. बसा ताई."

ती बसली नाही. "बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर तुम्ही दुरुस्त केला होता. तेव्हापासून आई म्हणते, बाबा घरात चालतात."

चिमट्याच्या जिभेला कुठे थांबावं हे कळलं असतं तर त्याला हे नाव पडलंच नसतं. तो म्हणाला, "ताई, माझ्या दुरुस्तीने गाणी ऐकू येतात. माणसं उठत नाहीत. हाताला एवढा गुण असता तर मी जिन्याखाली बसलो असतो का?"

ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चिमट्याने जीभ चावली.

"मला एकदाही ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "मी घरी गेले की पहिल्यांदा ते धूड बंद करते. नुसतं घूंऽऽ करत असतं. आई म्हणते, ते बंद केलं की बाबा येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, एकटेपणाने होतं असं. गोळ्या दिल्यात. त्या घेऊन ती दिवसभर पेंगते, परवा गॅस चालू ठेवून झोपली. मी रविवारी तिला घेऊन जाणार आहे. घर बंद करणार. तिला यायचं नाहीये, दाराची चौकट धरून बसते. पण असं सोडू कशी?"

"मग माझ्याकडे...?"

"यंत्रात काही असलं तर बघा. एवढंच. म्हणजे मला तरी कळेल, ती खरंच..." ती दाराकडे वळली. "मी बाजारातून येते. तुम्ही व्हा पुढे."

चिमट्याने पिशवी भरली. कागदात गुंडाळलेला १०४ खिशात टाकला.

काकूंचं घर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या, जुनी लाकडी जमीन. मध्ये लांबट बोळ. बोळाच्या एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला निजायची खोली. बोळात, जमिनीवर खिळ्यांनी ठोकलेलं एक लाकडी कपाट, आणि त्याच्यावर अ‍ॅम्प. लाल दिवा पेटलेला. स्टँडवरून उरलेली वायर काकांनी बोळाच्या छतावरून स्वयंपाकघरापर्यंत नेली होती आणि कर्ण्याऐवजी तिथे एक लाकडी पेटीतला स्पीकर टांगला होता. काकूंना पोळ्या लाटताना गाणी ऐकू यावीत म्हणून. कान कमी होत गेले तसा काकांनी आवाज वाढवत नेला. आता तो टोकाला होता. आवाजाचं बटण फिरायला जागाच उरली नव्हती.

"आलास?" काकूंचे डोळे जड होते, शब्द जरा ओढून येत होते. "पोरीने पाठवलं ना? बस त्या पाटावर. नाही, खुर्चीवर बस. मी तुला दाखवते एक." आणि त्या बोळातून निजायच्या खोलीकडे गेल्या.

चिमटा स्वयंपाकघरात एकटा राहिला. आभाळ भरून आलं होतं, खिडकीत राखाडी उजेड. ओट्यावर एकच कप पालथा. डोक्यावर स्पीकर नुसता श्वास घेतल्यासारखा घूंऽऽ करत होता. गाणं नाही, बातम्या नाहीत. अ‍ॅम्पला काही जोडलेलंच नव्हतं. हे त्याने येताना पाहिलं होतं. रेडिओची पिन बाहेर लोंबत होती.

आणि स्पीकरमधून आवाज आला. ठप्.

चिमट्याने वर पाहिलं.

घसर्र. ठप्. घसर्र.

जड, खोल, पोकळ जिन्यावरून यावा तसा. आधी लांब जाणारा. मग क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा, या वेळी जवळ येणारा. ठप्, घसर्र. हे पाऊल हजारांत ओळखलं असतं त्याने. बुद्धी काय म्हणत होती कुणास ठाऊक, पण तोंड आपल्या जुन्या सवयीने उघडलं.

"या काका," चिमटा म्हणाला.

आवाज थांबला. दारात काकू उभ्या होत्या, हातात काकांची हत्यारांची पेटी.

"ऐकलंस," त्या म्हणाल्या. विचारलं नव्हतं त्यांनी. चिमट्याच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलंच होतं. पेटी ओट्यावर ठेवून त्या खुर्चीत बसल्या आणि अचानक लहान मुलीसारख्या हसल्या. "बघ! मी वेडी नाहीये. माझ्याबरोबर चालतात रे. मी आत गेले की आत येतात, मी इकडे आले की इकडे. मी थांबले की थांबतात. आयुष्यभर कधी माझ्याबरोबर चालले नाहीत. दहा पावलं मागे. म्हणायचे, तू हो पुढे, माझ्या पायाने तुझा खोळंबा. आता कशी बरोबरीने पावलं टाकतात."

 

चिमट्याने धंद्याच्या माणसाला जे करता येतं ते केलं. बोळात गेला आणि अ‍ॅम्पचा खटका बंद केला. लाल दिवा विझला, घूंऽऽ थांबलं, घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. त्याने काकूंना खुणेने सांगितलं, तिकडे जाऊन या.

काकू उठल्या. निजायच्या खोलीपर्यंत गेल्या, परत आल्या. चिमटा भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून ऐकत होता. जिन्याखाली बसून तयार झालेले कान ते. जमिनीच्या फळ्यांमधून, अगदी हलकं: ठप्, घसर्र. ठप्, घसर्र.

त्याने डोळे उघडले. काकूंचा उजवा गुडघा वाकत नव्हता. तो पाय त्या मागून ओढत आणत होत्या.

"काकू," तो कानाशी जाऊन म्हणाला, "गुडघा कधीपासून असा आहे?"

"कसा? दुखतो थोडा. वय झालं," काकू म्हणाल्या. "तू यंत्र बघ."

काकूंना आपलं पाऊल ऐकू येत नव्हतं. त्या घरात त्यांना ऐकू येईल एवढा मोठा आवाज फक्त एकाच ठिकाणाहून येत होता.

चिमट्याने अ‍ॅम्प उघडला. आत काकांच्या हातची वायर, प्रत्येक गाठ सुबक, आणि त्या सगळ्यांत आपला मातकट मसूर उपरा दिसत होता. त्याने अ‍ॅम्प पुन्हा चालू केला आणि पेन्सिलीच्या टोकाने मसुराला हलकेच टिचकी मारली. स्वयंपाकघरात स्पीकर गरजला: ढप्! काकू दचकल्या. शेजारच्या कॅपॅसिटरला मारली. काही नाही. पुन्हा मसुराला. ढप्!

तेव्हा त्याला काका आठवले, स्टुलावर बसलेले. "आकडा जुळला म्हणून स्वभाव जुळत नाही, चिमट्या." कुठल्याशा रेडिओवरून बोलणं निघालं होतं, आणि चिमट्याने उत्तर दिलं होतं, "काका, हे तुम्ही लग्नाआधी सांगायला हवं होतं." दोघे हसले होते, आणि मुद्दा हसण्यात वाहून गेला होता.

दारात लेक उभी होती. हातात भाजीची पिशवी. ती केव्हा आली ते कळलंच नव्हतं. काकू कपाटाजवळ टेकल्या होत्या; तिला बघून उठल्या, पाणी आणायला स्वयंपाकघराकडे चालू लागल्या, आणि स्पीकर बोलू लागला. ठप्, घसर्र. ठप्, घसर्र.

पिशवी खाली पडली. बटाटे बोळभर गडगडले आणि स्पीकरमध्ये कुणीतरी दार बडवावं तसा आवाज झाला. लेक भिंतीला टेकून खाली बसली. "बाबा," ती म्हणाली. एवढंच.

"ताई, घाबरू नका. बाबा नाहीत," चिमटा म्हणाला, आणि म्हणताना त्याला वाटलं की हे वाक्य आपण फार सहज टाकलं. "म्हणजे, आवाज खरा आहे. आईंच्या डोक्यातला नाही. माझ्या चुकीतला आहे."

दोघींना ओट्यापाशी बसवून त्याने सांगायला घेतलं. काकूंसाठी ओरडून, त्यामुळे ते एखाद्या घोषणेसारखं वाटत होतं. "कॅपॅसिटर म्हणजे धातूचे दोन पत्रे, मध्ये पातळ पडदा. वीज इकडच्या पत्र्यावर जमते, पण पडदा ओलांडून पलीकडे जाऊ शकत नाही. मात्र इकडची वीज कमीजास्त झाली, हलली, की पलीकडची तेवढीच हलते. म्हणून गाणं पलीकडे जातं आणि नुसती तुंबलेली वीज अडून राहते. काका म्हणायचे..."

"वीज जात नाही, निरोप जातो," काकू म्हणाल्या. "मला सांगून सांगून कान किटवले होते."

"तेच. तर काकांनी बसवला होता त्यात पॉलिस्टरचा पडदा होता. तो बापडा दिलेला निरोप पोचवतो, स्वतःचं काही बोलत नाही. त्याचा पाय मी मोडला आणि त्याच्या जागी हा मसूर बसवला. याच्यात पडदा आहे भाजलेल्या मातीचा, सिरॅमिकचा. ही माती भलती गुणी. एवढ्याशा जागेत भरपूर वीज धरते, स्वस्त, टिकाऊ. ताई, तुमच्या मोबाइलमध्ये असे शेकड्याने असतील, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. विजेला हिसका बसला की गिळतात, कमी पडली की आपल्याकडचा घोट देतात. पण एक खोड आहे." त्याने ओट्यावरचा गॅसचा लायटर उचलला आणि दाबला. ठिणगी उडाली. "यात सेल नाही, काही नाही. मग ठिणगी कुठून आली? आत अशाच मातीचा तुकडा आहे. त्याला ठोका बसला की तो वीज सोडतो."

"म्हणजे तुझा मसूर या लायटरचा चुलतभाऊ," काकू म्हणाल्या.

"सख्खा म्हणा. हादरा बसला की हा स्वतःच वीज सोडतो. कुणी न दिलेला निरोप पलीकडे पाठवतो. मोबाइलमध्ये तो विजेच्या रस्त्यावर उभा असतो, त्याची कुजबुज ऐकायला कुणी कान लावत नाही. मी मात्र त्याला बसवला नेमका कानाच्या जागी. पुढे अ‍ॅम्प, आवाज टोकाला. जमीन हलली की कपाट हलतं, कपाटाबरोबर हा. आणि स्पीकर..."

तो थांबला. पुढचं वाक्य त्याला म्हणायचं नव्हतं.

लेकीने म्हटलं. "पण पावलं बाबांची आहेत. मी ओळखते. लहानपणी गृहपाठ टाकून मी त्या आवाजाने दाराकडे पळायची."

आता गप्प बसता आलं असतं. मसूर काढून तपकिरी १०४ लावायचा, यंत्रात बिघाड होता म्हणायचं, आणि निघून जायचं. आईला वेड नाही हे लेकीला कळलंच होतं. पण काकू त्याच्याकडे बघत होत्या. गोळ्यांनी जड झालेले डोळे, आणि तरी त्या डोळ्यांत एक धार. न ऐकणारी माणसं बघतात तशी.

"काकू," तो म्हणाला, ओरडला नाही, ओठ नीट हलवत म्हणाला. "तुमचा पाय त्यांच्यासारखा झालाय."

काकूंनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठल्या, ओट्याला धरून एक पाऊल टाकलं. स्पीकर म्हणाला, ठप्. दुसरा पाय त्यांनी ओढला नाही, तसाच मागे ठेवला. स्पीकर गप्प. घूंऽऽ. मग हळूच ओढला. घसर्र.

"मी," त्या म्हणाल्या.

लेक रडायला लागली. "आई, गुडघ्याचं मला सांगितलं का नाहीस? मी डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले तुला."

"तू विचारलंस डोक्याचं," काकू म्हणाल्या. त्या अजून पायाकडेच बघत होत्या. "एवढ्या वर्षांत पायाची थट्टा करायचे मी त्यांच्या. म्हणायचे, तुम्ही आलात की शेजारच्यांना न विचारता कळतं. घे. माझ्याच पायात येऊन बसले."

चिमट्याने पिशवीतून सोल्डरिंग आयर्न काढलं, पिन लावली. तापल्याचा वास पसरला. खिशातून कागदाची पुडी काढली, उघडली. आत नवा १०४, दोन्ही पाय सरळ. तो अ‍ॅम्पवर वाकला तसा काकूंचा हात त्याच्या मनगटावर आला.

"काय करतोस?"

"बदलतोय. खरा आणलाय. कबूल केलं होतं."

"राहू दे."

"काकू, चुकीचा आहे तो. काकांनी पाहिलं असतं तर मला दुकानातून हाकललं असतं."

"चूक तुझी आहे," काकू म्हणाल्या, "पण घर माझं आहे. तो ठेव तुझ्याकडे. लागेल तेव्हा मागेन."

"आई, आता कळलंय ना तुला काय आहे ते?" लेक म्हणाली.

"कळलंय की. माझेच पाय आहेत. मग माझे पाय ऐकायला मला कुणाची परवानगी लागते?" आणि मग, दुसऱ्याच आवाजात, "एवढंच ऐकू येतं गं मला या घरात."

लेकीने डोळे पुसले. बोळातले बटाटे ती वेचू लागली. प्रत्येक बटाट्याला स्पीकर 'टुक्' म्हणत होता, आणि तिसऱ्याचौथ्या 'टुक्'ला काकू हसल्या, मग तीही हसली. काकूंवर चौकट धरून बसायची वेळ आली नाही. रविवारी लेक एकटीच परत गेली. डोक्याच्या गोळ्या बंद झाल्या होत्या आणि गुडघ्याच्या डॉक्टरची वेळ घेतली होती.

पुढे काकू वाचनालयात जाऊ लागल्या. पेपर वाचायला. जिना चढताना ठप्, घसर्र, उतरताना घसर्र, ठप्. जिन्याखाली चिमट्याचा चिमटा मध्येच थांबायचा. 'या' म्हणून पुढे काय म्हणावं ते त्याला दर वेळी नव्याने ठरवावं लागे. "या काकू" म्हणायला जीभ तयार व्हायला बरेच दिवस गेले.

त्या स्टुलावर बसायच्या आणि न चुकता विचारायच्या, "माझा तो शहाणा कॅपॅसिटर आहे ना ठेवलेला?"

"आहे. व्याज वाढतंय."

"वाढू दे. मी पळून जात नाही. या पायाने कुठे पळणार?"

गुडघ्याला पट्टा आला, तेल आलं, काही उपयोग झाला नाही. एक हिवाळा गेला. एकदा त्या स्टुलावर बसल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. म्हणाल्या, "हल्ली ते हळू चालतात रे. तुझा मसूर थकला का?"

चिमटा म्हणाला, "थकतो. ही माती दिवस जातील तशी थोडी थोडी ढिली पडते. पण उकळत्या पाण्याहून जरा जास्त ताप दिला की सगळं वय विसरते, पुन्हा पहिल्यासारखी."

"बरं आहे बाई मातीचं," काकू म्हणाल्या. "ये मग, तापवून दे."

तो गेला. खरं सांगायचं तर मातीचा तो थकवा इतका बारीक असतो की कुठल्याही कानाला कळू नये, मग काकूंच्या कानाची काय कथा. तरी त्याने सोल्डरिंग आयर्नचं टोक मसुराच्या पायाशी धरलं, ताप आत जाऊ दिला, निवू दिला. अ‍ॅम्प चालू केला. पेन्सिलीने टिचकी मारली. ढप्! पहिल्या दिवशी होता तेवढाच दांडगा आवाज. मसुराला काही झालं नव्हतं.

"चाला काकू," तो म्हणाला.

काकू बोळातून गेल्या आणि आल्या. स्पीकरमधून आलं ते अगदी हलकं. कुणीतरी कापसावरून चालावं तसं. ठप् नव्हताच, नुसता स्पर्श, आणि मागून येणारी बारीकशी घसर. चिमट्याने त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला सैल झाल्या होत्या, टाच मागे मोकळी हलत होती. अंग उतरलं होतं, साडीच्या निऱ्या पूर्वीपेक्षा जास्त पडत होत्या.

"झाला का तरुण?" काकूंनी विचारलं.

"झाला," चिमटा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या जिभेला पुढे काही जोडावंसं वाटलं नाही. आवाजाचं बटण आधीच टोकाला होतं. त्याने आतला छोटा स्क्रू फिरवून अ‍ॅम्पला आणखी थोडी ताकद दिली, जेवढी देता येत होती तेवढी. घूंऽऽ वाढलं. "आता चालून बघा."

काकू चालल्या. ऐकलं. मान हलवली.

"हां. आता आले."

झाकण लावताना चिमट्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. तपकिरी १०४ची पुडी खिशात नव्हती, दुकानात राहिली होती. अजूनही तिथेच आहे, वरच्या ड्रॉवरमध्ये, काकूंनी न मागितलेली आणि बाकी कुठल्याही गिऱ्हाइकाला न दिलेली. सुटे भाग शोधताना बोटाला लागते तेव्हा तो ती बाजूला सरकवतो, आणि जिन्याकडे कान देतो.